मंदाबाई पायाकडं पाहायची

लेकरू सिनेमा पाहत असलं की आपण त्याच्या तोंडाकडं पाहतो. हसलं की आवडला म्हणतो, रडलं की बंद करतो. मंदाबाई पायाकडं पाहायची. पायाच्या अंगठ्याकडं.

"तोंड लवकर शिकते, आबाजी," ती म्हणायची. "बाजूचं लेकरू हसलं की हेबी हसते. पायाले अजून कोणी शिकवलं नाई."

मंदाबाई म्हणजे आमच्या गावच्या अंगणवाडीची बाई. दुसरबीडच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथं तिनं तीन ते सहा वर्षांची लेकरं इतकी वर्षं सांभाळली, की तिच्या हाताखालची लेकरं पुढं आपली लेकरं बोटाला धरून तिच्याकडंच आणत होती. शिक्षण तिचं दहावी. माझं दुसरी, आणि तीसुद्धा बैल राखता राखता अर्धी राहिली. तरी हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. घरचे म्हणाले, तुम्ही बोला, आम्ही मोबाइलात उतरवून घेतो. मी म्हटलं, नको. जी बाई कोणतीही चीज तीनदा पाहिल्याशिवाय लेकरांपुढं ठेवत नव्हती, तिच्याबद्दल एका दमात बोलून मोकळं व्हायचं नाही.

अंगणवाडी माझ्या खोलीत आली, कारण शाळेतली त्यांची खोली गळायला लागली होती. माझी रस्त्याच्या अंगाची खोली सोयाबीनच्या थैल्यांसाठी होती. सरपंचानं विचारलं, मी हो म्हटलं. त्यात मोठेपणा होता, खोटं काऊन सांगू? गावाची अंगणवाडी माझ्या दारात भरणार, येणारा जाणारा पाहणार. खोलीला चुना दिला, फरशी धुतली आणि बाईला दाखवायला बोलावलं. ती आली ती सरळ आत जाऊन जमिनीवर बसली. आधी भिंतीशी बसली, मग सरकत सरकत मधे आली, मग दाराजवळ.

मी म्हटलं, "बाई, खुर्ची आणतो ना."

"खुर्चीवरून काय दिसन? तुम्ही बसा खाली."

"मले कायले बसवता?"

"बसा त खरं."

गुडघे धरून बसलो. बसल्यावर दिसलं. खिडकीच्या चौकटीखाली एक खिळा बाहेर आलेला, नेमका डोळ्याच्या उंचीला. थैल्यांच्या दोरीसाठी मीच कधीतरी ठोकला होता. दारामागं विळा अडकवलेला, त्याचं टोक खाली लोंबत होतं. उभ्यानं यातलं काहीच दिसत नव्हतं.

"तुम्ही खोली उभ्यानं पाह्यली," ती म्हणाली. "आपली लेकरं उभी राह्यली तरी तुमच्या कमरेलोक येत नाईत."

खिळा काढला, विळा गोठ्यात नेला. पण हे तिनं माझ्या सुनेदेखत बोलायला नको होतं, असं माझ्या मनात दोन दिवस राहिलं.

खोलीची किल्ली माझ्याकडं असायची. रोज सकाळी ती ओसरीपाशी यायची, "आबाजी, चहा झाला का?" म्हणायची, आणि किल्ली घेऊन जायची. चहा झाला असो नसो, मी "झाला" म्हणायचो. तिनंही कधी घेतला नाही. ती म्हणायची, घोटभर घेतला की गप्पा वाढतात, आणि तिकडं लेकरं दाराला लटकतात. रंगानं काळीसावळी, उंचीनं ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला. चालताना कायम अर्धी वाकलेली असायची. कंबर दुखत असेल असं मला वर्षभर वाटत होतं. ते दुखणं नव्हतं. खालून कोणी काही बोललं तर ऐकू यावं म्हणून ती सवय लागली होती.

पुढं सरकारकडून अंगणवाडीला टीव्ही आला. तेव्हापासून लोक मोबाइलात, पेनड्राइव्हमध्ये लेकरांचे सिनेमे आणून द्यायला लागले. कोणाचा वाढदिवस असला की खाऊसोबत एक कार्टून. मंदाबाई खाऊ लगेच वाटायची. कार्टून ठेवून घ्यायची. लेकरं घरी गेली की दार पुढं लोटून जमिनीवर बसायची आणि ते तीनदा पाहायची. पहिल्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा आवाज चालू ठेवून, डोळे मिटून. तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी, एखादं लेकरू मांडीवर घेऊन. त्या वेळी ती पडद्याकडं पाहायचीच नाही. लेकराचे पाय हातावर घेऊन बसायची.

मी एकदा खिडकीतून म्हटलं, "बाई, हत्ती उंदराची गोष्ट आहे, कोर्टाचा कागद नाही."

"कागद असता त बरं झालं असतं. कागद वकील तरी वाचते. हे कोण वाचते?"

तिचे निकालही आपल्या अंदाजाला धरून नसायचे. एका कार्टूनमध्ये वाघ हरणामागं लागायचा. मला वाटलं, हे ती नक्की नापास करणार. तिनं दाखवलं. म्हणाली, "वाघ पळते, हरीण पळते, लेकरू संग पळते. पाय हालून राह्यले, घट्ट नाई झाले." आणि एक अगदी गोड, फुलांचं, गाण्यांचं. काळ्या मुलीला सगळे हसतात, मग परी येते, तिला गोरी करते, आणि मग सगळे तिच्याशी खेळतात. आणणारा बाप हौसेनं उभा होता. मंदाबाईनं पेनड्राइव्ह त्याच्या हातात परत दिला.

"काऊन बाई? यात त कोणी मरत नाई, कोणी रडत नाई."

"माह्या खोलीत गोरं कोण हाये, सांग बरं? मी हाये का? तू हायेस का? परी कोणाकोणाच्या घरी जाईन?"

तो बापही काळाच होता. तो हसला, पण पेनड्राइव्ह खिशात घालून गेला.

ती चुकायचीही. एका पिल्लाची गोष्ट तिनं पास केली होती. पिल्लू रांगेतून मागं राहतं, शेवटी सापडतं. त्यानंतर एक मुलगी रोज घरी जाताना दारात उभं राहून बाकीची लेकरं मोजायची. सगळी बाहेर आल्याशिवाय हलायची नाही. दोनदोनदा मोजायची. मंदाबाईला चारपाच दिवसांनी ते लक्षात आलं. तिनं त्या मुलीपुढं उकिडवं बसून सगळ्यांदेखत सांगितलं, "ते पिल्लू तुले दाखवलं, ते माह्यं चुकलं माय. मी तुले अगोदर इचारलं नाई." चार वर्षांच्या लेकराला! मी ओसरीतून ऐकत होतो. माझ्या उभ्या जन्मात मी कोणाला असं म्हटलं नव्हतं. पोराला नाही, बायकोला तर नाहीच.

आता माझ्या सिनेमाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मंदाबाई पुरती कळायची नाही.

मी गोष्टी सांगतो. माझ्या आजीकडून आलेल्या. गावात कोणाकडंही बारसं, जावळ असलं की लेकरं माझ्याभोवती जमतात. त्यातली एक, विहिरीतल्या मायची. एक माय पाण्याला जाते. विहीर म्हणते, मी एकटी आहे, तू इथंच राहा, आणि तिला ठेवून घेते. लेक रोज काठावर जाऊन हाक मारते, "माय, हायेस का?" विहीर म्हणते, पैंजणाचा आवाज दे, मग सोडते. लेक आवाज देते. विहीर सोडत नाही. म्हणते, सावली दे. लेक सावली देते. मग म्हणते, नाव दे. लेक नावही देऊन टाकते. विहीर ते नाव घोळवत बसते, आणि खाली माय ते ऐकते. म्हणते, हे तर माझ्या लेकीचं नाव, तुझ्या तोंडी कसं? आणि त्या नावाला दोरासारखं धरून वर येते.

गोष्ट सांगायची आमची रीत अशी, की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. मी एक वाक्य बोललो की लेकरांनी "हुं" म्हणायचं. हुंकार आला तर पुढं, नाही आला तर गोष्ट थांबली. आजी हुंकारावाचून एक शब्द पुढं जायची नाही.

एका वर्षी पुण्याकडची तिघं, दोन मुली आणि एक मुलगा, गावोगाव गोष्टी गोळा करत आली. हिवरा आश्रम गावात कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. त्यांनी माझ्या ओसरीत बसून आवाज भरून नेला. दोन वर्षांनी त्यांनी त्याचं कार्टून करून पाठवलं. पाऊण तासाचा नाही, पंधरावीस मिनिटांचा सिनेमा. चित्रं अशी देखणी की काय सांगू. आमच्याकडची काळी माती, बाभळी, दगडी विहीर. आणि शेवटी एक पाटी येते. त्यावर माझं नाव, खाली गावाचं नाव. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाटी झर्रकन गेली. सुनेकडून ती थांबवून घेतली आणि वाचली. एकेक अक्षर लावून वाचली. मग रिमोटवर थांबवायचं बटन कोणतं ते शिकून घेतलं. आठ दिवस रोज ती पाटी थांबवून पाहत होतो.

जानेवारीत बालमेळावा होता. सरपंच म्हणाला, शाळेच्या अंगणात पडदा लावू आणि आबाचा सिनेमा दाखवू, पुढं अंगणवाडीची लेकरं बसतील. मी दुसरबीडपर्यंत निरोप दिले. लेकीच्या सासरी दिला. भावकीत ज्यांच्याशी बोलणं नव्हतं, त्यांनासुद्धा दिला. पेनड्राइव्ह मंदाबाईला दिला तो नावापुरता.

तिनं चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी किल्ली परत द्यायला आली आणि ओसरीत खाली बसली. नेहमी उभ्यानं द्यायची.

"आबाजी, चौथीच्या वरच्यायले दाखवा. मोठ्या माणसायले दाखवा. माह्या लेकरायले नाई."

मला वाटलं, चेष्टा करते. "काऊन?"

"यात मायचा आवाज येत नाई."

ते खरं होतं. सिनेमात लेक हाक मारते आणि विहिरीतून फक्त तिचाच आवाज घुमून येतो. पाणी काळं, सगळं गप्प. माय शेवटी एकदम वर येते. मला ते फार आवडलं होतं. अंगावर काटा आला होता.

मी म्हटलं, "चाळीस वर्षं सांगून राह्यलो ही गोष्ट. एक लेकरू भेलं नाई."

"तुम्ही सांगता तवा नाई भेत. तुम्ही सांगता तवा माय दर हाकेले बोलते, 'हाव वं, हाये मी'. तुम्हीच बोलता ते, बारीक आवाज काढून. आणि हुंकार बारीक झाला की तुम्ही मायले लवकर बोलावता. कव्हा कव्हा त सावली गाळूनच टाकता."

"मी इसरतो म्हणता का?"

"इसरत नाई. लेकरू पाहून सांगता. तुमाले ठाव नाई, मी किती खेपा ऐकली. दर खेपी येगळी असते."

"माही गोष्ट येगळी नसते! माह्या आजीची हाये ती, एक शबद इकडचा तिकडं होत नाई."

"बरं, नाई होत," ती म्हणाली. "पण हे टीव्हीतलं लेकराकडं पाहत नाई. त्याले हुंकार लागत नाई. मी आपल्या लहान्या नमीले मांडीवर घेतलं होतं. पहिल्या हाकेले तिचे अंगठे आत वळले, ते सिनेमा सरेलोक सुटले नाईत. आणि तिची माय त घरी हाये. माह्या सात लेकरायच्या माया फडात हायेत."

फडात म्हणजे ऊस तोडायला. दिवाळी झाली की गाड्या भरून जातात, ते उन्हाळा लागल्यावर येतात. लहानी लेकरं कोणी सोबत नेतात, कोणी आजीपाशी ठेवून जातात.

"वापस येते ना माय शेवटी!" मी ओरडलो.

"येते ना. पण तवरलोक ते लेकरू काठावर एकटं हाये. मोठ्यायले वाटते दहाबारा मिनिटं. त्याले काय वाटते, ते त्यालेच इचारा."

मी म्हटलं, "खोली माही हाये."

"हाव, तुमचीच हाये," ती म्हणाली. किल्ली आणि पेनड्राइव्ह माझ्यापुढं ठेवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली, "आबाजी, चहा झाला का?" म्हणाली. मी तोंड फिरवलं. किल्ली दिली नाही. ती समोरच्या कडुलिंबाखाली गेली आणि शाळेतून पट्ट्या आणून तिथं अंथरल्या. कोणीतरी विचारलं, "बाई, आज बाहीर?" ती म्हणाली, "अंगणवाडी हाये, अंगणात भरली." थंडीचे दिवस. लेकरं स्वेटर घालून, कानटोप्या घालून, उन्हाच्या तुकड्यासोबत सरकत होती. तीन दिवस. गावात तिनं एका शब्दानं कोणाला काही सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, खोलीत जरा काम निघालं. रोज सकाळी मात्र ओसरीपाशी येऊन चहाचं विचारायची.

तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "मामंजी, तुमचं नाव पडद्यावर यावं म्हून लेकरं कुडकुडून राह्यली."

"तू बोलू नको."

"मी कायले बोलू? लोक बोलून राह्यले."

माझ्या डोक्यात एकच. बाईचं खोटं करून दाखवायचं. मागच्या घरची गौरी दुपारी आमच्याकडं ताक प्यायला यायची. चार वर्षांची. तिची माय फडात, ही आजीपाशी. हुशार पोरगी, माझ्या सगळ्या गोष्टींना सर्वांत मोठा हुंकार तिचा. मी म्हटलं, हिलाच दाखवतो. ही रडली नाही, की मंदाबाईला बोलावतो आणि म्हणतो, पाहा.

टीव्हीसमोर तिला बसवलं. सिनेमा लावला. "एक होती मुलगी," आतून आवाज आला.

गौरी म्हणाली, "हुं."

मला हसू आलं. "तिची आई रोज पाण्याला जायची." "हुं." असं चाललं. पोरगी खूश होती. मग विहीर आली. माय आत गेली. सगळं गप्प झालं. लेक काठावर आली आणि तिनं हाक मारली. पाण्यावर तिचाच आवाज घुमला.

गौरी म्हणाली, "हुं."

काही नाही. ती थोडी पुढं सरकली. "हुं!" मोठ्यानं म्हणाली. मग माझ्याकडं वळून पाहिलं. "आबा, ते थांबून नाई राह्यलं. मी हुं म्हणून राह्यली, तरी माय बोलत नाई."

तेव्हा मी तिच्या पायाकडं पाहिलं. नको पाहायला असं वाटत होतं, तरी पाहिलं. दोन्ही अंगठे आत वळून बोटांखाली गेले होते, नखं पांढरी पडली होती. तोंडावर काही नव्हतं. रडत नव्हती. मी मंदाबाईला जे दाखवणार होतो, नेमकं तेच तोंडावर होतं.

मी तिथूनच बारीक आवाज काढून म्हटलं, "हाव वं माय, हाये मी." पण टीव्हीतली पोरगी माझं काय ऐकते! ती पुन्हा हाक मारत पुढं गेली. माझा आवाज तिच्या मागंच राहिला. रिमोटवरचं थांबवायचं बटन माझ्या बोटांना पाठ होतं. आठ दिवस मी ते माझ्या नावासाठी दाबलं होतं. लेकरासाठी दाबायचं मला तोवर सुचलं नव्हतं. दाबलं. चित्र तिथंच उभं राहिलं. मग वाटलं, तेही नको, आणि टीव्हीच बंद केला.

"मंग?" गौरी म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसून पुढची गोष्ट सांगितली. माय दर हाकेला बोलली. त्या दिवशी मी सावली गाळली. पैंजणावरून सरळ नावावर आलो. आणि माझ्या लक्षात आलं, की बाई खरं बोलली होती. मी दर खेपेला वेगळी सांगतो.

संध्याकाळच्या आत खोली उघडली. केरसुणी घेऊन स्वतः झाडली. सकाळी मंदाबाई आली तेव्हा दार उघडंच होतं. मी ओसरीत पाठ करून बसलो होतो. ती आत गेली, बसली असणार, कारण बराच वेळ आवाज नाही. मग दारात आली.

"आबाजी, खोली उभ्यानं झाडली का बसून?"

"बसून," मी म्हटलं.

"तरीच," ती म्हणाली. "चहा झाला का?"

"नाई झाला."

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा माझ्या घरचा चहा घेतला. उभ्यानंच, दोन घोटांत. मी चुकलो असं म्हटलं नाही. तिनं म्हणवून घेतलं नाही. म्हणायला पाहिजे होतं, हे आता लिहितो.

पण तिचं सरलं नव्हतं. कप खाली ठेवून म्हणाली, "मेळाव्याले सिनेमा शाळेत होईन. त्या वक्ताले लहान लेकरं माह्या खोलीत ठेवीन. त्यायच्यापाशी कोणी पाह्यजे."

"मदतनीस हाये ना तुमची."

"तिले गोष्ट सांगता येत नाई."

शाळेच्या अंगणात पडदा लागणार, दुसरबीडची माणसं येणार, लेकीचे सासू सासरे येणार, शेवटी पाटी येणार, आणि मी त्या वेळी या खोलीत बसायचं? ती वाट पाहत होती. हुंकाराची वाट पाहावी तशी.

"पाहू," मी म्हटलं.

बसलो. वीसबावीस लेकरं, मधे मी, आणि दाराला पाठ लावून मंदाबाई. तीही सिनेमाला गेली नाही. मी विहिरीतल्या मायची गोष्ट सांगितली, आणि लेकरांच्या हुंकारात एक जाड हुंकार तिचा होता. माय नाव धरून वर येत होती, तेवढ्यात शाळेकडून टाळ्यांचा आवाज आला. मोठा आला. पाटी लागली असणार.

गौरीनं विचारलं, "आबा, ते काय वाजलं?"

"काई नाई. तू हुं म्हण."

"हुं."

मंदाबाईनं तेवढ्यात माझ्याकडं एकदा पाहिलं. मग नेहमीसारखी लेकरांच्या पायांकडं पाहायला लागली.

नंतर तिनं त्या पुण्याच्या पोरांना एक पत्र लिहिलं. सिनेमा छान आहे, फक्त मायचा आवाज घाला, एवढंच. उत्तर आलं नाही. मी चिडलो, ती नाही चिडली. म्हणाली, "त्यायनं सिनेमा मोठ्यायच्या उंचीनं केला. बसून पाह्यला नसन. इसरले असतीन."

वय झालं तशी ती कामातून मोकळी झाली आणि मेहकरला पोराकडं राहायला गेली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "नव्या बाईले आल्या आल्या खुर्ची देऊ नका." मग तिच्या आजाराचं कानावर आलं. एका दुपारी एसटीनं मेहकरला गेलो.

खाटेवर होती. मुळात ठेंगणी, आता चादरीखाली कोणी आहे का नाही असं वाटावं इतकी. भिंतीवर टीव्ही चालू होता, पोरानं तिचा वेळ जावा म्हणून लावलेला. डोळे मिटलेले होते. मी जवळ बसलो तर डोळे न उघडताच म्हणाली, "आबाजी, चहा झाला का?"

"झाला," मी म्हटलं. खोटं बोललो.

"ते बंद करा. मघापासून एकटंच बोलून राह्यलं."

टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "मायची सांगा."

मी सांगायला लागलो. "हुं," ती म्हणायची. आवाज लेकरासारखा बारीक झाला होता. माय पाण्याला गेली. "हुं." विहिरीजवळ आलो तेव्हा मला वाटलं, या बाईला आता विहीर कशाला? मी तेवढं गाळून पुढं गेलो.

तिनं एक डोळा उघडला. "काऊन गाळता? मी काय अंगणवाडीत हाये का?"

म्हणून मागं गेलो आणि सगळी सांगितली, विहिरीसकट, काळ्या पाण्यासकट. लेक काठावर आली. मी म्हटलं, "तिनं वाकून हाक मारली, माय, हायेस का?"

आणि थांबलो. हुंकार आला नाही.

चादर वर सरकली होती. पाय उघडे होते. मी पायथ्याकडं सरकून पाहिलं. दोन्ही अंगठे मोकळे होते, बाहेरच्या बाजूला सैल पडलेले. श्वास सावकाश चालू होता. झोप लागली होती.

हुंकार नाही, तर पुढं जायचं नाही, ही आमच्या आजीची रीत. मी ती कधी मोडली नाही. आठवड्याभरानं ती गेल्याचा निरोप आला. ती गोष्ट मेहकरच्या त्या खोलीत काठावरच राहिली आहे. पण त्या दुपारी, हाक मारून ठेवली आणि वर उत्तर नाही, असं मला उठवेना. म्हणून तिच्या पायाशी वाकलो, बारीक आवाज काढला, आणि म्हटलं, "हाव वं माय, हाये मी."

मग चादर तिच्या पायांवर ओढली आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघालो.